लागुना येथील शके ८२२ चा ताम्रपट आणि कलांतियावचा कायदा

फिलिपाइन बेटांचा लेखनिविष्ट इतिहास स्पॅनिश लोकांच्या आगमनापासून, म्हणजे इ. स. १५२१ पासून, सुरू होतो अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तत्पूर्वींच्या काळाविषयीं तेथील लोकांनीं स्वतः लिहिलेला एकहि विश्वसनीय लेख उपलब्ध नव्हता. साधनांची अशी पोकळी जेथें असते तेथें दोन गोष्टी संभवतात. एक तर कोणी तरी ती पोकळी बनावट कागदानें भरून काढतो. किंवा एखाद्या दिवशीं अस्सल लेख अकल्पितपणें वर येतो. फिलिपाइन्समध्यें विसाव्या शतकांत ह्या दोन्ही गोष्टी घडल्या. बनावट लेख आला तो सरकारी ग्रंथसंग्रहाच्या दारानें, मानमरातबासह. अस्सल लेख आला तो नदीच्या वाळूंतून व जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या हातून. जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांस ह्या दोहोंची तुलना उद्बोधक वाटेल, म्हणून हा विषय येथें मांडला आहे.

प्रथम स्पॅनिश साधनांचा विचार करूं. १६ मार्च १५२१ रोजीं मॅगेलनच्या जहाजांवरून सामार बेट दिसलें. ३१ मार्च रोजीं लिमासावा बेटावर ख्रिस्ती उपासना झाली. आणि २७ एप्रिल रोजीं माक्तान येथील लढाईंत मॅगेलन मारला गेला. ह्या सफरीचा मुख्य वृत्तांत आन्तोनियो पिगाफेट्टा ह्या इटालियन गृहस्थानें लिहिला. त्याचा मूळ हस्तलेख नष्ट झाला असून चार प्रती उरल्या आहेत. एक इटालियन प्रत मिलान येथील आंब्रोसियाना ग्रंथालयांत आहे. उरलेल्या तीन फ्रेंच भाषेंतील असून त्यांपैकीं दोन पॅरिस येथें व एक अमेरिकेंत येल विद्यापीठांत आहे. अस्सल प्रतीकडे न जातां छापील गोषवाऱ्यावर विसंबल्यास काय होतें ह्याचा नमुना येथेंच मिळतो. सोळाव्या शतकांत व्हेनिस येथें छापलेल्या संक्षिप्त पाठांत ह्या उपासनेचें स्थळ लिमासावा न राहतां बुतुआन झालें, आणि तीच चूक पुढें ग्रंथांतून ग्रंथांत उतरत गेली. आंब्रोसियाना प्रत १८०० सालीं छापली गेली तेव्हां खऱ्या पाठाचा मार्ग मोकळा झाला. तरी वाद चालूच राहिला, आणि तेथील राष्ट्रीय इतिहास आयोगानें लिमासावाचा पक्ष पुनः मान्य केला तो २०२० सालीं.

पिगाफेट्टाच्या वृत्तांतांतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयास उपयोगी आहेत. मॅगेलनजवळ एन्रिके नांवाचा गुलाम होता. आल्बुकर्कनें १५११ त मलाक्का घेतलें त्या स्वारींत मॅगेलन होता, व तेथूनच हा गुलाम त्याच्याकडे आला. २८ मार्च रोजीं ह्या एन्रिकेनें नावेंतून आलेल्या लोकांशीं मलायी भाषेंत बोलणें केलें, तें त्यांस समजलें. त्या प्रांतीं राजांस इतरांपेक्षां अधिक भाषा येतात असेंहि पिगाफेट्टा नमूद करितो. दुसरी गोष्ट अशी कीं, त्यानें वस्तूंचीं नांवें लिहून घेऊन पुनः वाचून दाखविलीं तेव्हां लिमासावाच्या लोकांस अचंबा वाटला. ह्यावरून त्या बेटावर तरी लेखन सर्वपरिचित नव्हतें असें दिसतें. मलायीचा परिचय मात्र होता. हा मुद्दा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें प्रयोजन पडेल.

लेगास्पी १५६५ त सेबू येथें उतरला व १५७१ त मनिला स्पेनच्या ताब्यांत आली. मनिलाच्या परिसरांतील टागालोग लोकांत लेखन चांगलेंच प्रचलित असल्याचें स्पॅनिश लेखक एकमुखानें सांगतात. पेद्रो चिरिनो ह्या जेझुइट पाद्र्यानें १६०४ त व मोर्गा ह्या न्यायाधिकाऱ्यानें १६०९ त छापलेल्या ग्रंथांत स्त्रीपुरुष बहुतेक सर्व लिहूं-वाचूं शकतात असें म्हटलें आहे. ह्या लिपीस बायबायिन म्हणतात. तींत १७ अक्षरें, म्हणजे ३ स्वर व १४ व्यंजनें असून व्यंजनांत अकार गृहीत असतो. वरखालीं टिंब देऊन इतर स्वर दाखवितात. आपल्या लिपीशीं हिचें कूळ मिळतें हें वाचकांच्या सहज ध्यानांत येईल. पदान्तींचें व्यंजन मात्र ती लिहीत नसे. १५९३ त मनिला येथें छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ ह्या पुस्तकांत टागालोग मजकूर ह्याच लिपींत दिला आहे. त्याची ज्ञात असलेली एकमेव प्रत वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत आहे. मनिलाच्या सान्तो तोमास विद्यापीठाच्या दफ्तरांत ह्या लिपींतील जमिनीचीं दोन खरेदीखतें आहेत, एक १६१३ चें व दुसरें १६२५ चें. २०१४ सालीं त्यांस राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा देण्यांत आला.

परंतु हे सर्व लेख स्पॅनिश अमलाखालील. तत्पूर्वीं लेखन होई तें बांबूवर व पानांवर. त्या दमट हवेंत असे लेख टिकणें दुरापास्त होतें. होसे रिझाल ह्या थोर देशभक्तानें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें बसून मोर्गाचा ग्रंथ स्वहस्तें उतरून घेतला व टीपांसह १८९० त पॅरिस येथें छापविला. स्पेनच्या आगमनापूर्वीं आपला देश रानटी नव्हता हें त्यास सिद्ध करावयाचें होतें. तरीहि साधन म्हणून स्पॅनिश लेखकाचाच आश्रय त्यास करावा लागला. स्वजनांचा स्वहस्ताक्षरांतील पुरावा सांपडावा ही तळमळ तेव्हांपासून तीव्र झाली. आणि अशी तळमळ ही बनावट कागद करणाऱ्यांची सुपीक भूमि होय.

१९१४ सालीं नेग्रोस बेटावरील होसे मार्को नांवाच्या इसमानें मनिलाच्या सरकारी ग्रंथसंग्रहास कांहीं हस्तलिखितें दिलीं. त्यांत पावोन नांवाच्या पाद्र्यानें १८३८-३९ त लिहिलेला म्हणून एक ग्रंथ होता, व त्या ग्रंथांत पानाय बेटावरील कलांतियाव नामक राजानें १४३३ त केलेला अठरा कलमांचा दंडकायदा उतरविलेला होता. ग्रंथसंग्रहाचा प्रमुख जेम्स रॉबर्टसन ह्यानें १९१७ त त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. हा रॉबर्टसन सामान्य मनुष्य नव्हे. फिलिपाइन्सविषयक स्पॅनिश कागदांचे ५५ खंड ज्या दोघांनीं संपादिले त्यांतील तो एक. त्या विषयांतील जाणत्यानेंच कागद स्वीकारल्यावर इतरांनीं शंका घेण्याचें कारण उरलें नाहीं. कायदा शालेय पुस्तकांत शिरला. आक्लान प्रांतांतील बाटान येथें कलांतियावचें स्मारक झालें. आणि १९७१ त त्याच्या नांवें सरकारी सन्मानपदवीहि निघाली.

विल्यम हेन्री स्कॉट ह्या संशोधकानें सान्तो तोमास विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत हा सर्व डोलारा १९६८ त कोसळविला. त्याची रीति साधी होती: प्रत्येक साधन मागें मागें नेत तें प्रथम कोणाच्या हातीं दिसतें हें पाहणें. कलांतियावचा माग काढतां तो मार्कोपाशीं येऊन थांबला; त्यामागें कांहींच नव्हतें. अंतर्गत पुरावाहि प्रतिकूल होता. १८३९ च्या मजकुरांत स्पेनच्या राजाचा उल्लेख होता, पण १८३३ पासून त्या गादीवर राजा नसून राणी इसाबेला होती. शिवाय कायद्यांतील शिक्षा पाहाव्या: उकळतें पाणी, मुंग्यांच्या तोंडीं देणें, मगरींपुढें टाकणें, बोटें छाटणें. आतां मिगेल दे लोआर्का हा स्वतः पानाय बेटावर राहिलेला स्पॅनिश मनुष्य. त्यानें १५८२ त तेथील चालीरीतींचें तपशीलवार वर्णन लिहिलें. फ्रान्सिस्कन पाद्री प्लासेन्सिया ह्यानें १५८९ त टागालोग लोकांचे रिवाज लिहून काढले. दोघांच्याहि लेखांत कलांतियावचें नांव नाहीं. त्यांत दिसतो तो दंडाचा, ऋणाचा व ऋणापायीं येणाऱ्या दास्याचा व्यवहार. गुन्ह्याचा निकाल बहुधा सोन्यांत होई. सोनें न देतां आल्यास देणेकरी दास बनत असे, आणि दास्य मुलांकडेहि जाई. तेव्हां ज्या समाजाचें वर्णन समकालीन लेखक करितात त्या समाजाचा हा कायदाच नव्हे. असें असूनहि तेथील राष्ट्रीय इतिहास संस्थेनें कलांतियाव अनैतिहासिक असल्याचा ठराव केला तो २००४ सालीं. खोटा कागद आणण्यास एक मनुष्य पुरला. तो घालविण्यास ९० वर्षें लागलीं.

आतां दुसऱ्या लेखाकडे वळूं. १९८९ त लागुना प्रांतांत लुम्बान नदीच्या मुखाजवळ वाळू उपसतांना तांब्याचा एक काळवंडलेला पत्रा निघाला. तो व्यापाऱ्यांच्या हातीं गेला. गिऱ्हाईक मिळेना म्हणून शेवटीं १९९० त मनिलाच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाकडे आला. त्यावर दहा ओळी आहेत. मिंडोरो बेटावर मांग्यान लोकांत राहणारे डच विद्वान आन्तोन पोस्त्मा ह्यांनीं त्याचें वाचन करून १९९२ त तें सविस्तर प्रसिद्ध केलें. लिपि जावा बेटांतील प्राचीन कवि लिपि. भाषा प्राचीन मलायी, तींत संस्कृत शब्द विपुल व जुन्या जावानी आणि टागालोग शब्दांचें मिश्रण. आरंभ ‘स्वस्ति’ ह्या शब्दानें असून लगेच गत शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार असा काल दिला आहे. त्याच सुमारास आपल्याकडे राष्ट्रकूट दुसरा कृष्ण राज्य करीत होता.

ह्या मितीचा ताळा २१ एप्रिल ९०० ह्या दिवसाशीं बसतो, व त्या दिवशीं सोमवारच येतो. गणित करून पाहतां हा कृष्णपक्ष वैशाखी पौर्णिमेनंतरचा आहे. म्हणजे महिना अमान्त असून आपल्या महाराष्ट्रांतील पद्धतीशीं मिळता आहे. वर्ष, मास, तिथि व वार हीं चारी अंगें परस्परांशीं जुळणें हें काकतालीय न्यायानें होणें कठीण. कलांतियावच्या कायद्यास जी कसोटी मुळींच लागू करतां येत नव्हती ती येथें लागू पडते व उतरते.

मजकूर काय आहे? एखाद्या राजाची प्रशस्ति नाहीं, दिग्विजय नाहीं, कायदाहि नाहीं. नामवरन नांवाच्या प्रतिष्ठित पुरुषाकडे १ काटी व ८ सुवर्ण इतकें सोनें येणें होतें. तें फिटलें असें तुंदुन येथील सेनापतीनें पैलाह येथील जयदेव ह्या अधिकाऱ्याच्या वतीनें जाहीर केलें, आणि नामवरनची कन्या अंगकातन व तिचा भाऊ बुका ह्यांस तसें ‘शुद्धपत्र’ दिलें. आपल्या दफ्तरांतील शब्द योजावयाचा तर ही फारखती होय. मुलांस व आप्तांस त्यांत गोवण्याचें कारण प्लासेन्सियाच्या वर्णनावरून उलगडतें: ऋण न फिटतें तर त्याचा जाच पुढील पिढीसहि लागण्याचा संभव होता. पत्र्याची अखेर पुढेंमागें कोणी हें ऋण फिटलें नाहीं असें म्हणेल तर, अशा आशयाच्या अर्धवट वाक्यानें होते. आपल्या ताम्रपटांत जेथें शापवचनें येतात त्या जागीं हा लेख तुटतो. दुसरा पत्रा असल्यास तो अद्याप हातीं आलेला नाहीं.

तुंदुन म्हणजे मनिलालगतचें तोंदो, जेथें लेगास्पीस १५७१ त लाकान्दुला नांवाचा राजा भेटला. म्हणजे एका गांवाचें नांव ६७१ वर्षें अखंड टिकलें. तसेंच व्यवहाराची भाषा मलायी असणें आणि १५२१ त एन्रिकेचें मलायी बोलणें समजणें, ह्या दोन टोंकांमध्यें सहा शतकांचें अंतर असलें तरी सूत्र एकच दिसतें. स्पॅनिश वृत्तांतांस ह्या ताम्रपटानें बाध आला नाहीं. उलट त्यांचीं विखुरलेलीं वाक्यें एकमेकांस जोडलीं गेलीं.

येथें आपणा भारतीयांस एक इशारा अवश्य आहे. शक, तिथि, ‘सेनापति’, ‘जयदेव’ हीं नांवें पाहून तेथें भारतीयांचें राज्य होतें असें अनुमान काढण्याचा मोह होईल. ताम्रपटांत तसें कांहीं नाहीं. लिपि जावाची, भाषा मलायी, व लेखांत मेदांग ह्या स्थळाचा उल्लेख. ह्यावरून संस्कृत शब्द जावा-सुमात्रांच्या वाटेनें तेथें पोंचले व तेथील लोकांनीं ते आपल्या देण्याघेण्यास वापरले, इतकेंच निष्पन्न होतें. त्याहून अधिक बोलणें म्हणजे आपल्या अभिमानासाठीं नवा कलांतियाव उभा करणें होय.

सारांश, कागद कोठून आला ह्याची चौकशी अगत्याची असली तरी चांगल्या घरून आला म्हणून खरा व बाजारांतून आला म्हणून खोटा असा नियम करतां येत नाहीं. मितीचें गणित, भाषेचा काळ, आणि समकालीन इतर लेखांशीं मेळ ह्या तीन कसोट्या प्रत्येक वेळीं लाविल्या पाहिजेत. त्यांतहि वाचणाऱ्याच्या मनाजोगतें जो कागद बोलतो त्यास त्या अधिक कडकपणें लावाव्या. आपल्या संग्रहांतील थोरांच्या नांवाचीं भरजरी पत्रें प्रथम तपासावीं, आणि कोणा अप्रसिद्ध कुळाची फारखती क्षुल्लक म्हणून बाजूस टाकूं नये. फिलिपाइन्सच्या इतिहासाचा प्रारंभ आज ज्या लेखापासून धरितात तो असाच एका कर्जाचा कागद आहे.