बावन्न रुपयांचा संसार

बावन्न रुपये, चार आणे आणि सहा पै. १९२१-२२ साली मुंबईच्या कामगारवस्तीतील सरासरी कुटुंबाची महिन्याची मिळकत एवढी होती. ही रक्कम कोणा एका गृहिणीच्या वहीत लिहिलेली नाही. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने २४७३ कुटुंबांच्या आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या जमाखर्चाची चौकशी केली, तीतून ती निघाली. कचेरीचे प्रमुख जी. फिन्डले शिरास यांनी सिद्ध केलेला या चौकशीचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. राजेरजवाडे, लढाया आणि तह यांचे तपशील जपणाऱ्या दप्तरखान्यात त्यामुळे मीठमिरची, रॉकेल आणि न्हाव्याची मजुरी यांनाही जागा मिळाली.

सरकारला अशी चौकशी करण्याची बुद्धी एकाएकी झाली नव्हती. १९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धाने धान्य, कापड, रॉकेल या साऱ्यांचे भाव चढविले. युद्ध १९१८ साली संपले, परंतु भाव लगेच उतरले नाहीत. १९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षांच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत मोठे संप झाले. मजुरी वाढली खरी, पण वाढलेली मजुरी वाढलेल्या महागाईला पुरते की नाही, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. मालक म्हणत, पुरते. कामगार म्हणत, पुरत नाही. हा वाद मिटवायचा तर कामगाराच्या घरात काय शिजते, किती शिजते आणि कशावर शिजते, हे पाहणे भाग होते.

युरोपात या शास्त्राला तोवर बरीच वर्षे झाली होती. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली असे दाखवून दिले होते की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. श्रीमंताच्या घरी मिळकत वाढली की गालिचे येतात, सहली होतात. गरिबाच्या घरी मिळकत घटली तरी भूक घटत नाही. एंगेलचा हा नियम परळ-लालबागेत कसा उतरला, ते शिरास यांच्या आकड्यांवरून दिसते. खर्चापैकी शेकडा ५६.८ अन्नावर, ७.४ जळण आणि दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर, ७.७ घरभाड्यावर आणि उरलेले १८.५ किरकोळ बाबींवर. त्या काळच्या भाषेत सांगायचे तर रुपयातले नऊ आणे पोटात जात, आणा-सव्वा आणा चुलीत व दिव्यात, दीड आणा अंगावर, सव्वा आणा खोलीच्या मालकाकडे, आणि उरलेल्या तीन आण्यांत बाकीचे सारे आयुष्य.

काटकसर करा, असा उपदेश या कुटुंबांना करणारे त्या काळी थोडे नव्हते. गिरणीमालक करीत, समाजसुधारक करीत, वृत्तपत्रे करीत. काटकसर कोठे करावयाची, हा प्रश्न मात्र या आकड्यांसमोर बसूनच विचारावा लागतो.

घरभाड्यापासून आरंभ करावा. कामगारांपैकी शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. एका खोलीपेक्षा कमी जागा घेता येत नाही; म्हणून काटकसर होत असे ती त्याच खोलीत आणखी माणसे घेऊन. गावचा भाचा, शेजारच्या वाडीतला कोणी, एखादा एकटा सोबती असे बिऱ्हाडकरू ठेवले की भाड्याचा भार वाटला जाई. रात्री पुरुष मंडळी गॅलरीत, जिन्यात किंवा रस्त्याच्या कडेला पथारी टाकीत. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे दोनशेंहून अधिक चाळी उभारल्या. त्या बीडीडी चाळी म्हणून आजही ओळखल्या जातात. पक्क्या सिमेंटच्या या खोल्या कितीतरी काळ रिकाम्या पडून होत्या. भाडे जुन्या चाळींहून जास्त, आणि काही वस्त्या कामाच्या जागेपासून लांब. कामगारांना चांगल्या घराची आवडच नाही, असा निष्कर्ष काही साहेबांनी काढला. वस्तुतः भाड्यात रुपया-दोन रुपये जास्त द्यायचे तर ते नऊ आण्यांतूनच काढावे लागले असते, एवढा साधा हिशेब त्या रिकाम्या खोल्यांमागे होता.

जळणात बचत म्हणजे एक वेळची चूल. सकाळी गिरणीचा भोंगा होण्यापूर्वी जे शिजेल तेच दुपारच्या डब्यात आणि तेच मुलांच्या ताटात. कपड्यांत बचत म्हणजे जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे शेवटी पोतेरे. येथे महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीला नव्याने शिकवण्यासारखे काही नव्हते.

मग उरते अन्न. या अहवालातील सर्वांत गाजलेला निष्कर्ष याच ठिकाणी आहे. कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी कामांच्या नियमावलीत ठरविलेल्या कमाल शिध्याइतके होते. परंतु मुंबई इलाख्यातील तुरुंगांच्या नियमावलीप्रमाणे कैद्याला जेवढे धान्य मिळे, त्याहून ते कमी होते. हे विधान कोणा चळवळ्या वक्त्याचे नव्हते, खुद्द सरकारी कचेरीचे होते, आणि त्यामुळेच पुढे कित्येक वर्षे ते कामगारांच्या सभांतून, कायदेमंडळातून आणि अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून फिरत राहिले. दिवसाचे दहा तास साच्यावर उभा राहणारा माणूस तुरुंगातल्या माणसाहून कमी खात होता. जो खर्च कमी करता येण्यासारखा होता, तो आधीच कमी झालेला होता.

उपदेशकांचे बोट अर्थात शेवटच्या तीन आण्यांकडे असे. दारू, विडी आणि लग्नकार्यातील उधळपट्टी ही कामगाराच्या दारिद्र्याची कारणे होत, असे ऐकू येई. यात तथ्य नव्हते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. दारूच्या गुत्त्यावर जाणारा पैसा घरातील स्त्रीच्या डोळ्यांदेखत जाई, आणि तिची तक्रार कोणत्याही अहवालाहून जुनी होती. परंतु किरकोळ या सदरात दारू आणि विडी यांच्याबरोबर साबण, औषध, हजामत, गावी जाण्याचे भाडे आणि मुलांची पाटी-पुस्तकेही होती. शिवाय या सदरात एक बाब अशी होती की, ती पुढे बाकी सगळ्यांना पुरून उरे. ती म्हणजे कर्जाचे व्याज.

शेकडा ४७ कुटुंबे कर्जबाजारी होती, आणि कर्जाची रक्कम अदमासे अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढी होती. व्याजाचा सर्रास दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे दरसाल शेकडा ७५. हा हिशेब पुरा करून पाहावा. अडीच महिन्यांची मिळकत म्हणजे सुमारे १३० रुपये. त्यावर महिन्याला १३० आणे, म्हणजे आठ रुपये दोन आणे. सगळेच कर्ज या दराचे असेल तर बावन्न रुपयांतून आठ रुपये नुसत्या व्याजापायी जात, आणि मुद्दल होते तेथेच राही. घरभाड्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम अशा रीतीने दारात काठी आपटणाऱ्या पठाणाच्या किंवा मारवाड्याच्या हाती पडे. हा पैसा कोणत्या काटकसरीने वाचवावयाचा होता?

कर्ज का होई, याचे एक कारण लग्न आणि आजार हे होते; पण दुसरे कारण गिरणीच्या पगारवाटपाच्या पद्धतीतच होते. पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हाती पडे. नवा कामगार कामावर लागला की पहिला पगार मिळेपर्यंत दीड महिना त्याला कोणाच्या तरी उधारीवर जगणे भाग पडे. चाळीच्या खालचा वाणी ती उधारी देई. त्याच्या वहीत एकदा नाव चढले की बाजारभाव संपला; तो सांगेल तो भाव आणि तो देईल तो माल. रोजच्या रोज अधेल्याची डाळ, पैशाचे तेल, छटाकभर गूळ असे घेतले की वस्तू महागच पडते. आपल्याकडील प्रपंचातली सर्वांत जुनी काटकसर म्हणजे सालाची बेगमी. हंगामात धान्य स्वस्त असताना वर्षाचे भरून ठेवायचे, वाळवायचे, राख लावून कणगीत घालायचे. गावाकडे ही बेगमी गरीबही करीत. गिरणगावात ती अशक्य झाली, कारण बेगमीला हंगामात हातात रोकड लागते आणि घरात कणगीपुरती जागा लागते. खोलीत माणसांनाच जागा नव्हती. ज्याच्यापाशी पैसा कमी त्यालाच वस्तू महाग मिळते, हे या संसाराचे सूत्र होते, आणि ते गृहिणीच्या कर्तबगारीने बदलणारे नव्हते.

नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांच्या सहकारी पतपेढ्या काढल्या, त्या नेमक्या या दुखण्यावर. सरकारी पातळीवर उपाय व्हावयास मात्र वेळ लागला. रॉयल कमिशन ऑन लेबर १९२९ साली नेमले गेले, त्याचा अहवाल १९३१ साली आला, आणि १९३६ च्या वेतनप्रदान कायद्याने महिना संपल्यापासून सात दिवसांत, मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांत, पगार दिलाच पाहिजे असे ठरले. त्या चार-आठ दिवसांच्या फरकाचे मोल वाण्याची वही पाहिलेल्यालाच कळावे.

दरम्यान मालकांनीही काटकसर सुरू केली होती. १९२५ च्या सप्टेंबरात मंदीचे कारण देऊन त्यांनी मजुरीत शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली. बावन्न रुपयांतून साडेअकरा टक्के म्हणजे सहा रुपये. सबंध कपड्यांचा खर्च बंद करूनही ते भरून निघाले नसते. कामगार संपावर गेले आणि हजारोंच्या संख्येने कोकणात आणि घाटावर आपल्या गावी परतले. गावची शेती एवढ्यासाठीच टिकवलेली होती. एरवी मुंबईहून मनिऑर्डर जाई आणि गावाहून तांदूळ, कुळीथ, आमसुले येत. डिसेंबरात सरकारने देशी कापडावरील अबकारी कर तहकूब केला, तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली. १९२८ सालचा संप याहूनही लांबला; तो सहा महिने चालला.

मजूर कचेरीने १९३२-३३ साली पुन्हा १४६९ कुटुंबांची चौकशी केली. मिळकत सुमारे पन्नास रुपये, म्हणजे दहा वर्षांत किंचित घटलेली. पण अन्नाचा वाटा शेकडा सत्तेचाळिसांच्या आसपास उतरलेला. एंगेलच्या नियमाप्रमाणे ही सुबत्तेची खूण ठरावी. परंतु जागतिक मंदीने धान्याचे भाव कोसळले होते, म्हणून अन्नाचा आकडा उतरला होता. घरभाड्याचा वाटा मात्र शेकडा तेरापर्यंत चढला होता आणि कर्जाने पाठ सोडली नव्हती. आकड्यांना आपापले हवामान असते, ते न पाहता नियम लावला की माणूस फसतो. शिवाय धान्य स्वस्त झाले याचा दुसरा अर्थ गावाकडच्या भावाच्या हातात काही उरले नाही असा होता, आणि तो भाऊ बहुधा याच कुटुंबाच्या मनिऑर्डरीची वाट पाहत बसलेला असे.

या दुसऱ्या चौकशीचा एक परिणाम पुढे कित्येक वर्षे टिकला. तिच्यावरून राहणीमानाच्या खर्चाचा निर्देशांक बांधला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात गिरणीकामगारांचा महागाईभत्ता त्या निर्देशांकाशी जोडण्यात आला. १९४० च्या मार्चमधील सार्वत्रिक संप याच भत्त्यासाठी झाला होता. कोणती वस्तू किती खपते आणि ती कोणत्या दुकानी काय भावाने मिळते, या घरगुती गोष्टी आता लाखो लोकांच्या पगाराचा आकडा ठरवू लागल्या. साहजिकच निर्देशांकावरही भांडणे झाली. भाव चढतात तेवढा तो चढत नाही, ही गृहिणींची कुरकुर कामगार संघटनांनी उचलून धरली. १९६३ साली महाराष्ट्र सरकारने प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, आणि निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दिसत आला आहे, असे त्या समितीला आढळले. बाजारातून परतताना पिशवीच्या वजनावरून बायकांनी जे ताडले होते, ते तज्ज्ञांच्या कोष्टकांतून सिद्ध झाले.

२ मे १९४३ रोजी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हा काटकसर हा कायदा झाला. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठू लागली, भाव भडकले, आणि १९४८ साली ती पुन्हा आणावी लागली. या साऱ्या काळात घरातील एका माणसाच्या दिवसाचे कित्येक तास रांगेत गेले. ते माणूस बहुधा घरातली बाई असे किंवा शाळा बुडवलेली मुलगी. या तासांची नोंद कोणत्याही जमाखर्चात सापडत नाही, कारण त्यांना कोणी पैसे देत नव्हते.

रांगेत उभी राहणारी बाई १९७२ साली रस्त्यावर आली. दुष्काळाच्या त्या वर्षी तेल, साखर, रॉकेल दुर्मिळ झाले, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. हातात लाटणे आणि थाळी घेऊन हजारो गृहिणींचे मोर्चे निघाले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा संघटना बांधली. एकट्या राहणाऱ्या कामगारांना पोळीभाजी, भात-आमटी घालणाऱ्या या बायका पाचदहा माणसांचे जेवण उधारीच्या मालावर रांधीत, आणि सावकाराचे व्याज फेडता फेडता त्यांच्या पदरी फारसे काही उरत नसे. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून देणे, हे संघटनेचे पहिले काम होते. तारण म्हणून दाखवावे असे बहुतेकींपाशी काही नव्हते; होती ती शेगडी, पितळी डबे, आणि रोज ठरल्या वेळी जेवायला येणारी माणसे.