हिमनदीवरचा कर्णा

मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी झाले. त्याच वर्षीच्या १० फेब्रुवारीस, म्हणजे त्या सोहळ्याच्या पाचएक महिने अगोदर, जर्मनीतील लाइपझिग शहरी एक अशी संगीतिका रंगभूमीवर आली की, जिच्या कथानकाला कलाटणी देण्याचे काम कर्त्याने कोणा मनुष्याकडे न सोपवता नभोवाणीच्या कर्ण्याकडे सोपवले होते. तिचे नाव ‘जॉनी श्पील्ट आउफ’, म्हणजे ‘जॉनी वाजवू लागला’. आणि शब्द व सूर ही दोन्ही अंगे एकहाती सांभाळणारा तिचा कर्ता अर्न्स्ट क्रेनेक हा व्हिएन्नाचा तरुण त्या वेळी जेमतेम सव्वीस वर्षांचा होता.

गोष्ट सांगू लागलो तर संगीत नाटकांवर पोसलेल्या आपल्या रसिकास ती थोडी थिल्लरच वाटेल. मॅक्स हा माणसांना बुजणारा, हिमनदीच्या एकांतात रमणारा संगीतकार. अनिटा ही त्याची प्रिया, नामांकित गायिका. ती पॅरिसला जाते, तेथील हॉटेलात दानिएलो नावाच्या व्हायोलिनवादकाच्या मोहात एक रात्र सापडते, आणि त्याच हॉटेलातल्या नृत्यवृंदाचा कृष्णवर्णीय नायक जॉनी त्या वादकाचे मोलाचे व्हायोलिन लांबवून अनिटाच्याच बँजोच्या पेटीत दडवून ठेवतो. पुढे प्रतारणेची वार्ता कळून भग्नहृदय झालेला मॅक्स देहत्याग करण्यासाठी हिमनदीवर येतो, तेव्हा ती नदीच स्त्रियांच्या वृंदस्वरात बोलू लागते आणि त्याला आश्रय नाकारते. आणि इतक्यात खालच्या हॉटेलाच्या सज्जावर लावलेल्या कर्ण्यातून, कित्येक कोसांवर गात असलेल्या अनिटाचा कंठ, त्यानेच रचलेले पद आळवीत, बर्फावरून त्याच्यापर्यंत येऊन पोहोचतो. मॅक्स मागे फिरतो. परंतु कर्ण्याचे काम येथे संपत नाही: गंभीर गायन आटोपते, निवेदन होते, आणि त्याच तोंडातून जॉनीच्या वृंदाचा जॅझ धो धो कोसळू लागतो, आणि सज्जावर बसलेला दानिएलो क्षणार्धात ओळखतो की, हा नाद आपल्याच चोरीस गेलेल्या व्हायोलिनचा आहे. नुसत्या आवाजावरून मुद्देमाल ओळखून फिर्याद गुदरल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

आता या कथेतील प्रणयाविषयी. जॉनी आणि गोरी चेंबरमेड इव्हॉन यांची प्रीती क्रेनेक सहजगत्या दाखवतो, पण जॉनी अनिटाजवळ जाऊ पाहतो तेव्हा त्याच्या वाट्याला केवळ वासना येते. हृदयाची तडफड, एकान्तातले गान, हे सारे मॅक्ससाठी राखून ठेवलेले. म्हणजे नोकरांच्या जिन्यावर दोन वर्ण एकत्र आले तर हरकत नाही, दिवाणखान्यात मात्र ती चोरी! हा दोष मला मोठा वाटतो. खरे पाहता क्रेनेकचा जॅझशी परिचयही दुरून झालेला होता. सॅम वुडिंगची कृष्णवर्णीय मंडळी १९२५ साली बर्लिनमध्ये येऊन गेली, परंतु मध्य युरोपात ज्याला जॅझ म्हणत ते बव्हंशी हॉटेलांतल्या नृत्यवृंदांनी आपल्या वकुबाप्रमाणे जुळवलेले शिमी आणि टँगो असत. जॉनीची भूमिकाही तोंडाला काजळी फासलेला गोरा गायकच करी. १९२९ च्या जानेवारीत हा प्रयोग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहात गेला तेव्हा तर चालकांनी जॉनीला तोंड रंगवून खेळ करणारा गोरा नटच ठरवून टाकले; जॅझच्या जन्मभूमीत त्याच्या नायकाला आपल्या कातडीनिशी उभे राहण्याची मुभा मिळाली नाही.

इतक्या पातळ मिश्रणानेही पावित्र्याचे रखवालदार खवळले. व्हिएन्नातील प्रयोग १९२७ च्या अखेरच्या दिवशी सुरू झाला आणि जानेवारीतच नाझींनी निषेधसभेच्या जाहिराती भिंतींवर डकवल्या. सत्ता हाती आल्यावर त्यांनी कर्ण्याचाच बंदोबस्त केला: १२ ऑक्टोबर १९३५ रोजी हादामोव्स्की या नभोवाणीच्या अधिकाऱ्याने जर्मन नभोवाणीवरून जॅझ हद्दपार केल्याचा हुकूम जारी केला. १९३८ साली ड्युसेलडॉर्फ येथे ‘भ्रष्ट संगीता’चे जे प्रदर्शन भरले, त्याच्या भित्तिपत्रकावर जॉनीचेच विद्रूप चित्र, हाती सॅक्सोफोन आणि छातीवर यहुदी तारा, असे छापलेले होते, वस्तुतः जॉनी यहुदी नव्हता आणि क्रेनेकही नव्हता.

आपण हसावे, तर आपल्याकडेही ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला मनाई केलीच होती. त्या निर्णयामागे द्वेष नव्हता, श्रुती आणि मींड यांचा शास्त्रीय मुद्दा होता, हे मान्य. तरी ज्या परदेशी ऑर्गनने बालगंधर्वांच्या स्वराला आधार दिला त्याच्याच धाकट्या भावाला केंद्राच्या दाराबाहेर बसवलेले पाहून नाटकवेड्या मराठी माणसाला काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

क्रेनेक १९३८ मध्ये अमेरिकेस गेला आणि तेथेच १९९१ साली वारला. संगीतिकेचा बोलबाला असताना ऑस्ट्रियाच्या सरकारी तंबाखू मक्त्याने ‘जॉनी’ नावाची सिगारेट काढली होती. खेळ दफ्तरात पडला, युद्ध होऊन गेले, तरी कित्येक वर्षे त्या नावाचे पाकीट व्हिएन्नाच्या तंबाखूच्या दुकानांत मिळत असे.