फिर्यादी आणि शेजारी

एखाद्या घरीं चोरी झाली म्हणजे चोर सांपडला कीं नाहीं याची चौकशी सारी आळी करते; परंतु ज्याचें घर फुटलें त्याला रात्रीं झोंप लागते कीं नाहीं, हें विचारावयास फारसा कोणी जात नाहीं. न्यायाच्या इतिहासांतहि बहुतेक हाच प्रकार आढळतो.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रास फिर्यादीचा अगदींच विसर पडलेला नव्हता. चोरांनीं नेलेलें द्रव्य राजानें प्रजाजनास द्यावें, अशी याज्ञवल्क्याची आज्ञा आहे. पेशवाईच्या काळीं गांवांत चोरी झाली तर रामोशी, जागल्या यांनीं पावलांचा माग काढीत तो दुसऱ्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचवावा, तसें न साधलें तर गेलेल्या मालाची तोशीस गांवानें सोसावी, असा रिवाज महाराष्ट्रांत होता. या रिवाजास आम्ही रामराज्य म्हणणार नाहीं. ती तोशीस पुष्कळदां गरीब रखवालदाराच्याच माथीं बसे. तथापि नागवला गेलेला मनुष्य त्या व्यवस्थेंत डोळ्यांपुढें होता, एवढें खरें.

इंग्रजी कायद्यानें त्याला तेथून उठविलें. गुन्हा म्हणजे राजाच्या शांततेचा भंग. तेव्हां वादी राजा, प्रतिवादी आरोपी, आणि ज्याचें डोकें फुटलें तो केवळ साक्षीदार! ही उणीव विलायतेंत ठासून बोलून दाखविली ती मार्जरी फ्राय या बाईंनीं. यांचें बहुतेक आयुष्य कैद्यांची स्थिति सुधारण्यांत गेलें होतें. त्यामुळें त्यांच्या मागणीच्या मुळाशीं सूडबुद्धि आहे, असें म्हणावयास कोणास जागा नव्हती. सरकारनें पीडितांस भरपाई द्यावी, असें त्यांनीं 1957 सालीं ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत लिहिलें. पुढल्याच वर्षीं त्या वारल्या. न्यूझीलंडनें 1963 सालीं तसा कायदा केला, आणि 1964 सालीं ब्रिटनमध्यें भरपाईची योजना सुरू झाली. परंतु ती शरीरास इजा झालेल्यांपुरती होती. ज्याच्या घराची कडी उचकटली, त्याला तिचा कांहीं उपयोग नव्हता.

खरा पालट झाला तो ब्रिस्टल शहरीं, 1974 च्या सुमारास. येथेंहि गंमत अशी, कीं कामास आरंभ केला तो गुन्हेगारांच्या पुनर्वसनासाठीं झटणाऱ्या मंडळींनीं. गुन्हेगार आणि पीडित यांचा विचार करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें, कीं पहिल्यासाठीं प्रोबेशन अधिकारी आहे, वकील आहे, दुसऱ्यासाठीं कोणीच नाहीं. मग पोलिसांशीं बोलणें झालें. पोलिसांनीं आलेल्या तक्रारींतील नांवें व पत्ते मंडळाच्या संयोजकास कळवावे, आणि त्यानें थोडें शिक्षण दिलेला एखादा स्वयंसेवक त्या घरीं धाडावा, असें ठरलें. हा स्वयंसेवक म्हणजे कोणी पंडित नव्हे; कोणी गृहिणी, कोणी सेवानिवृत्त कारकून. त्यानें जावें, चहा घेत बसावें, तीच हकीकत तिसऱ्यांदा सांगितली तरी ती ऐकावी, नवें कुलूप बसवावयास मनुष्य कोठें मिळेल तें सांगावें, विम्याचा अर्ज भरून द्यावा. एकटी राहणारी म्हातारी बाई असली, तर गेलेल्या घड्याळापेक्षां परक्या हातानें कपाट उपसलें याचीच तिला अधिक शिसारी वाटते. पोलिसाच्या टिपणांत घड्याळाची किंमत येते; या शिसारीला तेथें रकानाच नसतो.

ही कल्पना झपाट्यानें पसरली, आणि 1979 सालीं या मंडळांची राष्ट्रीय संघटना झाली. पुढें पुष्कळ वर्षें तिची धुरा वाहणाऱ्या हेलन रीव्ह्ज या मूळच्या प्रोबेशन अधिकारी. गुन्हेगारास शिक्षा किती व्हावी, यावर संघटनेनें बोलूं नये, हा दंडक त्यांच्या काळीं पाळला गेला. आम्हांस या संयमाचें कौतुक वाटतें. पीडिताच्या दुःखावर स्वतःचा झेंडा रोवण्याचा मोह राजकारणी पुरुषांस आवरत नाहीं, हें आपण नित्य पाहतों.

परंतु या व्यवस्थेची किल्ली पोलिसांच्या यादींत होती. न विचारतां नांव परक्यास कळविणें योग्य कीं अयोग्य, याचा वाद झाला. लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यांत आधीं संमति विचारण्याचा प्रघात पडला. आणि जो पोलिसांकडे गेलाच नाहीं, त्याच्या दारीं स्वयंसेवक यावा कसा? मदत मागाहून थेट मागण्याची वाट मोकळी झाली, तरी आरंभींचा सारा ओघ त्या यादींतूनच येत असे.

आमच्याकडे अडचण नेमकी येथेंच होती. 1972 सालीं देसाईगंजच्या पोलिस ठाण्यांतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. 1978 सालीं सर्वोच्च न्यायालयानें आरोपी पोलिसांस सोडलें. 1979 सालीं चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें, आणि 1983 सालीं कायदा बदलला. ज्या देशांत ठाण्याची पायरीच भयप्रद, तेथें ठाण्यांतून येणाऱ्या यादीची वाट पाहून चालणार नव्हतें. म्हणून 1984 सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें मुंबईच्या पोलिस आयुक्तालयांत स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं विशेष कक्ष उघडला तो उलट्या क्रमानें: तेथें तक्रारीमागून घरीं जाणारा शेजारी नसून, तक्रारीच्या आधींपासून पोलिसांच्याच आवारांत बसलेली समाजकार्यकर्ती आहे. ती पगारी आहे, शिकलेली आहे, आणि पोलिसांच्या नोकरींत नाहीं. हे कक्ष पुढें राज्यांत इतरत्रहि निघाले. आलेल्या बाईनें फिर्याद द्यावी कीं देऊं नये, हें ठरविणें तिच्याकडेच असतें; देण्याचें ठरलें, तर ती लिहून घेतली जाईपर्यंत अंमलदाराच्या टेबलापाशीं तिच्या शेजारीं थांबणें, हेंहि त्या कार्यकर्तीच्या कामांत येतें.