न फिरणाऱ्या पिंपाची पूर्वपीठिका

अमेरिकेतील उत्तर डाकोटासारख्या प्रांतात, जेथे हिवाळ्यात दोरीवर टाकलेला सदरा वाळण्याऐवजी फळीसारखा ताठ गोठतो, तेथे कपडे वाळवण्याचा कारभार सूर्याकडून काढून अग्नीकडे सोपवावा असे कोणास वाटले, तर त्यात नवल नाही; नवल याचे, की त्या अग्नीला घातलेला लगामच आज कपडे वाळवणारे यंत्र मुकाट बसण्याचे बहुधा कारण ठरतो.

इ. स. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नामक गृहस्थाने भोके पाडलेल्या धातूच्या पिंपात ओले कपडे भरून ते विस्तवावर हाताने फिरवण्याची तजवीज केली. कपडे वाळत, परंतु धुरकटत, आणि प्रसंगी पेटही घेत. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने जून १८९२ मध्ये ज्या साधनाचे पेटंट मिळवले, त्यातही चुलीच्याच उष्णतेचा आधार होता. पुढे उत्तर डाकोटाच्याच रॉस मूर याने घराशेजारच्या खोपटात प्रयोग आरंभून अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर विजेवर चालणाऱ्या यंत्राचा आराखडा सिद्ध केला, आणि विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीने १९३८ साली ते यंत्र बाजारात आणले. छापखान्यांना लाकडी खिळे पुरवून नावारूपास आलेल्या या कारखान्याने परिटाच्या प्रांतात पाऊल टाकावे, हा उद्योगाच्या इतिहासातील एक गमतीदार योग होय. ब्रुक्स स्टीव्हन्स या अभिकल्पकाने दारात काच बसवण्याचा आणि आत भडक रंगाचे कपडे फिरताना गिऱ्हाइकास दिसू देण्याचा सल्ला दिला. त्यात विज्ञान थोडे आणि दुकानदारी फार होती, पण ती दुकानदारी अस्सल होती.

काचेपेक्षा महत्त्वाचे ते दृष्टीआड राहिले. दार उघडे असता पिंप फिरू नये म्हणून दारामागे एक खटका आला. पिंप थांबलेले असता तापक पेटू नये म्हणून त्याचा विद्युतप्रवाह मोटारीतील केंद्रोत्सारी खटक्याच्या स्वाधीन करण्यात आला, जो मोटार वेग घेईपर्यंत परवानगीच देत नाही. आणि कपड्यांची लव साचून हवेचा मार्ग कोंडला व उष्णता मर्यादेबाहेर गेली, तर स्वतः जळून मंडल तोडणारा उष्णता-फ्यूज बसवण्यात आला. कित्येक यंत्रांत हा फ्यूज मोटारीच्याच वाटेवर असतो, त्यामुळे तो जळाल्यावर कळ कितीही दाबली तरी पिंप हलत नाही. काही बनावटींत पट्टा तुटताच मोटारीचा प्रवाह तोडणारा आणखी एक पहारेकरी नेमलेला असतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम भिंतीतील वीज पाहतो, मग दाराचा खटका, आणि नंतरच, प्रवाह तोडून, पाठीमागचा पत्रा खोलतो.

आमच्याकडे घरातल्या वलणीवर पावसाळा निभतो. अमेरिकेतील कित्येक वसाहतींत मात्र अंगणात दोरी बांधण्यास नियमानेच मनाई असल्यामुळे, तेथील मराठी गृहिणीस यंत्राचा हा अबोला फारच महाग पडतो. त्यातून घाईने नवा फ्यूज आणवून बसवला जातो, पण हवा बाहेर सोडणाऱ्या धुराड्यासारख्या नळीत साचलेली लव तशीच ठेवली, तर नवा फ्यूजही जुन्याच्या मार्गाने जातो आणि कारागिराला पुन्हा बोलावणे धाडावे लागते.