एलान खोरे : जलाशयांच्या काठाने

मध्य वेल्समधील पोविस परगण्यात, रायाडर या बाजाराच्या गावाजवळ एलान नदीचे खोरे आहे. बर्मिंगहॅम शहराला पाणी पुरविण्यासाठी येथे १८९३ मध्ये दगडी धरणांचे काम सुरू झाले आणि १९०४ मध्ये राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते त्यांचे उद्‌घाटन झाले. सुमारे ११८ किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून हे पाणी पंपाविना, केवळ उताराच्या बळावर शहराकडे जाते. या योजनेपायी शंभरएक रहिवाशांना घरे सोडावी लागली. भरपाई मात्र जमीनमालकांनाच मिळाली. शाळा आणि चर्चही बुडाले. कवी शेली ज्या दोन घरांत राहिला होता, तीही पाण्याखाली गेली. त्यांपैकी नँटग्विल्टच्या बागेच्या भिंती कडक अवर्षणात उघड्या पडतात.

धरणांसाठी दगड वाहणाऱ्या रेल्वेच्या मार्गावर आता सुमारे १४ किलोमीटरची पायी व सायकलने जाण्याजोगी वाट आहे. चढ सौम्य असल्याने मुलांनाही ती झेपते. वर लाल घारी घिरट्या घालतात. धरणांवरून कोसळणारे पाणी पाहावयाचे असल्यास पावसाळी हिवाळा उत्तम. पर्यटकांची गर्दी मात्र उन्हाळ्यातच होते. मुक्काम अवश्य करावा, कारण २०१५ मध्ये हा परिसर आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून घोषित झाला असून निरभ्र रात्री येथून आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.