जादा म्हणजे काय ? : मोटारीच्या मागणीपत्राचा इतिहास

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या आमच्या घरीं आला तो हातांत एक छापील यादी घेऊनच. त्याला नवी मोटार घ्यावयाची होती. मोटारहि साधी नव्हे. हल्लीं जिला एस्‌यूव्ही म्हणतात त्या उंच, ऐसपैस जातीची, आणि त्या जातींतहि उंची. किंमत ठरली होती, रंग ठरला होता; घोडें अडलें होतें तें या यादीपाशीं. तीन पानें भरून ‘जादा सामग्री’ आणि तिचीं निरनिराळीं ‘पॅकेजें’ तींत दिलेलीं होतीं. पुतण्या म्हणाला, “काका, यांतलें काय घ्यावें आणि काय सोडावें, तें तुम्हीच सांगा.”

मी मॅट्रिक झालेला एक निवृत्त शाळामास्तर. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास आणि गणित शिकविलें. मोटार मात्र कधीं चालविली नाहीं. तरी यादी वाचूं लागलों, आणि एका ओळीवर नजर खिळली. मागच्या बाकावर बसणाऱ्यांचें बाजूच्या धक्क्यापासून रक्षण करणाऱ्या एअरबॅगा मूळ गाडींत नव्हत्या. त्या हव्या असतील तर एक पॅकेज घ्यावें लागे. आणि त्याच पॅकेजांत कांचेचें विस्तीर्ण छत, पाठ रगडणारी आसनें व रंगीबेरंगी दिवे होते. छत नको म्हटलें कीं एअरबॅगाहि गेल्या. त्या मागच्या बाकावर बसणार होत्या माझ्या वहिनी, म्हणजे पुतण्याची आई; सत्तरी ओलांडलेल्या. त्या शेजारींच बसल्या होत्या. म्हणाल्या, “माझ्याकरितां उगीच खर्च करूं नकोस रे.”

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. ‘जादा’ या शब्दाचा अर्थ काय ? अमुक वस्तु अवश्य आणि अमुक वस्तु जादा, हें ठरवितो कोण ? गिऱ्हाईक, कारखानदार, कीं सरकार ? मोटारीच्या सव्वाशेंहून अधिक वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर अनेकदां बदललें आहे. तीच हकीकत आज आपल्यापुढें ठेवतों.

आरंभीं श्रीमंतांच्या मोटारींत ‘जादा’ असें कांहीं नव्हतेंच, कारण सर्वच कांहीं मागणीबरहुकूम होई. इंग्लंडांतील रोल्स-रॉइस कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिऱ्हाइकाला नुसता सांगाडा, एंजिन आणि चाकें देई. वरचा सांठा बार्कर, हूपर अशा जुन्या बग्ग्या बांधणाऱ्या पेढ्यांकडून बांधून घ्यावा लागे. आपल्याकडील संस्थानिक हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. कोट्याचे महाराव उमेदसिंह यांनीं १९२५ सालीं अशी एक गाडी वाघाच्या शिकारीसाठीं बांधविली. तिच्यावर मोठे शोधदिवे आणि बंदुकांची सोय होती. आजच्या दिमाखदार एस्‌यूव्हीची यादी पाहिली म्हणजे ही गाडी तिची आजी शोभेल असें वाटतें. पण ही चैन मूठभरांची. बाकीच्या जगाला मोटार मिळाली ती दुसऱ्याच मार्गानें.

१९०८ सालच्या ऑक्टोबरांत हेन्री फोर्ड यानें आपली ‘मॉडेल टी’ बाजारांत आणिली. किंमत ८५० डॉलर. त्या गाडीचें छत, समोरची कांच आणि पुढचे मोठे दिवे या वस्तूंचा आकार आरंभीं निराळा असे. आज दिवा व कांच यांवांचून कोणी मोटारीची कल्पनाहि करणार नाहीं. त्या काळीं मात्र त्या जादा! पुढें फोर्डनें अगदीं उलट टोंक गांठलें. सर्वांना एकच गाडी, आणि १९१४ पासून १९२५ पर्यंत एकच रंग, काळा. निवड काढून टाकली, त्यामुळें काम सोपें झालें, आणि किंमत उतरत उतरत तीनशें डॉलरांच्या आंत आली. १९२७ पर्यंत या एकाच जातीच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. परंतु मनुष्याचा स्वभाव असा कीं, कारखान्यानें निवड नाकारली तर तो ती बाजारांत शोधतो. सिअर्स रोबकसारख्या टपालानें माल विकणाऱ्या दुकानांच्या यादींत मॉडेल टीसाठीं नाना तऱ्हेच्या वस्तु विकावयास असत. एंजिन विजेनें सुरू करण्याची युक्ति कॅडिलॅक गाडींत १९१२ सालींच आली होती. फोर्डचीं गिऱ्हाइकें मात्र हातानें दांडा फिरवीत राहिलीं, आणि १९१९ सालीं ती सोय त्यांना मिळाली तीहि प्रथम जादा पैसे मोजूनच.

फोर्डची ही एकरंगी सत्ता मोडली ती जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यानें. १९२३ सालीं तो त्या कंपनीचा अध्यक्ष झाला. शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत त्यानें पायऱ्यांचा एक जिनाच उभारला. प्रत्येकाच्या खिशाला परवडेल अशी एक पायरी, आणि प्रत्येकाच्या मनांत वरच्या पायरीची हांव. १९२७ सालीं गाडीचें रूप आणि रंग यांसाठीं एक स्वतंत्र खातेंच निघालें. गाडी जुनी होण्याआधीं मन जुनें झालें पाहिजे, हें या नव्या व्यापाराचें मर्म. मग रेडिओ आला, गरम हवेची सोय आली. १९४० सालीं पॅकार्ड कंपनीनें गाडी थंड करण्याचें यंत्रहि जादा सामग्री म्हणून देऊं केलें. तें सामानाच्या पेटींतली बरीच जागा अडवी, आणि तें बंद करावयाचें तर एंजिनाचें झांकण उघडून पट्टा काढावा लागे ! त्याचा फारसा खप झाला नाहीं. आज तीच वस्तु आपण गृहीत धरतों.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत या यादीचा अगदीं महापूर आला. फोर्ड कंपनीनें १९६४ सालच्या एप्रिलांत ‘मस्टँग’ काढली तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर, म्हणजे माफक. पण सोबतची यादी लांबलचक. तींतून ज्यानें त्यानें आपापली गाडी घडवावी. वर्षभरांत चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. मूळ किंमत दारांत बोलावण्यासाठीं, आणि नफा यादींतून, हा धडा सर्व कारखानदारांनीं पाठ केला. गिऱ्हाइकाची फसगत होऊं नये म्हणून ओक्लाहोमाचे सेनेटर मन्रोनी यांच्या खटपटीनें १९५८ सालींच तेथें कायदा झाला होता. प्रत्येक नव्या गाडीच्या कांचेवर मूळ किंमत, प्रत्येक जादा वस्तूची किंमत आणि वाहतुकीचा खर्च यांचा कागद चिकटविलाच पाहिजे, असा तो कायदा. माझ्या मतें हा साधा कागद म्हणजे गिऱ्हाइकाच्या इतिहासांतील एक मोठी सनदच होय.

येथवरची गोष्ट हौसेची. हौसेला मोल असावें, त्यांत तक्रार कसली ? पण याच यादींत हळूहळू जिवाचेहि प्रश्न येऊन बसले. फोर्ड कंपनीनें १९५६ सालच्या गाड्यांत सुरक्षिततेचा पुकारा केला. धक्क्यांत छातींत न घुसणारें चक्र आणि न उघडणारीं दारें सर्वांना दिलीं. परंतु कमरेचा पट्टा आणि पुढची मऊ फळी यांना जादा दाम. त्या वर्षीं शेव्हरोलेचा खप अधिक झाला, आणि ‘सुरक्षितता विकत नाहीं’ अशी म्हणच व्यापारांत रूढ झाली. याच्या उलट स्वीडनमधील व्होल्वो कंपनीनें १९५९ सालीं आपला एंजिनीअर निल्स बोहलिन यानें शोधलेला खांद्यावरून व कमरेवरून जाणारा पट्टा आपल्या गाड्यांत बसविला, आणि पेटंट असूनहि तो शोध सर्व जगाला वापरूं दिला. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टि. एकीनें पट्टा यादींत घातला, दुसरीनें गाडींत घातला.

१९६५ सालीं राल्फ नेडर या तरुण वकिलानें एक ग्रंथ लिहून कारखानदारांवर तोफ डागली. शेव्हरोलेची ‘कॉर्व्हेअर’ गाडी वळणावर बेभरंवशाची आहे, असें त्याचें म्हणणें होतें. गाडी सांवरून धरणारा पुढचा दांडा तिच्यांत १९६४ पासून सर्रास बसूं लागला. त्यापूर्वीं तो मूळ गाडींत नसे. न्यायाकरितां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, १९७२ सालीं सरकारी चौकशींत ही गाडी त्या वेळच्या इतर गाड्यांहून वाईट ठरली नाहीं. परंतु लोकमत जागें झालें तें झालेंच. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेंत नव्या मोटारींना पट्टे सक्तीचे झाले.

एअरबॅगेचेंहि तसेंच. जनरल मोटर्सनें १९७४ ते १९७६ या काळांत ती जादा सामग्री म्हणून विकून पाहिली. सुमारें दहा हजार गाड्यांतच ती गेली, आणि कंपनीनें नाद सोडला. मर्सिडीझ-बेंझनें गाडी घसरूं न देणारे ब्रेक १९७८ सालीं असेच जादा किंमतीला देऊं केले. पुढें दोन्ही वस्तु कायद्यानें सर्वांच्या झाल्या. म्हणजे आजची ‘जादा’ ती उद्यांची ‘अवश्य’. मधल्या काळांत ज्यांना ती परवडली नाहीं, त्यांचा हिशेब मात्र कोणत्याहि यादींत नाहीं.

आतां या उंच गाड्यांकडे वळूं. १९७० सालच्या जूनमध्यें इंग्लंडांत ‘रेंज रोव्हर’ निघाली तेव्हां ती शेतकऱ्याची धनवान बहीण होती. आसनें कृत्रिम चामड्याचीं. चिखल झाला तर आंतून पाणी मारून धुवावी. दारें दोनच. चक्र हलकें फिरविणारी युक्ति १९७३ सालीं आली, चार दारें १९८१ सालीं, आपोआप बदलणारे गिअर १९८२ सालीं. एकेक सोय चढत गेली, आणि शेतांतली गाडी दिवाणखान्यांत शिरली. आज तिच्या जातीच्या गाड्यांची यादी सर्वांत लांब असते.

मग ‘पॅकेज’ कशाला ? येथें माझें जुनें गणित कामास येतें. यादींत दहा वस्तु असतील आणि प्रत्येक घ्यावी वा न घ्यावी, तर १,०२४ तऱ्हेच्या गाड्या संभवतात. वीस वस्तु असतील तर १०,४८,५७६ ! असा पसारा कोणता कारखाना संभाळील ? वस्तूंचीं चार गाठोडीं बांधलीं कीं तऱ्हा उरतात फक्त सोळा. हें कारखानदाराचें म्हणणें खरें आहे, आणि त्यानें किंमत कांहीं अंशीं उतरतेहि.

परंतु गाठोड्याची दुसरीहि बाजू आहे. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ स्टिग्लर यांनीं १९६३ सालीं, आणि अॅडम्स व जॅनेट येलेन यांनीं १९७६ सालीं ती उलगडून दाखविली. या येलेनबाई पुढें अमेरिकेच्या अर्थमंत्री झाल्या. समजा, रामभाऊंना कांचेचें छत एक लाखाचें वाटतें आणि चांगले दिवे चाळीस हजारांचे. गोविंदरावांचें नेमकें उलट. दोन्ही वस्तु वेगळ्या लाखालाखाला विकल्या तर प्रत्येकजण एकेकच घेईल. गल्ला दोन लाख. चाळीस हजारांना विकल्या तर दोघेहि दोन्ही घेतील. गल्ला एक लाख साठ हजार. पण गाठोडें बांधून किंमत एक लाख चाळीस हजार ठेविली, तर दोघेहि तें घेतील आणि गल्ला होईल दोन लाख ऐंशी हजार ! दोघांनाहि वाटेल कीं आपला व्यवहार ठीक झाला. यांत लबाडी नाहीं, निव्वळ हिशेब आहे. मात्र त्या गाठोड्यांत एक वस्तु हौसेची आणि दुसरी जिवाची असेल, तर आईवरच्या मायेपोटीं मनुष्य छताचे पैसे भरतो.

आपल्या देशाचा अनुभव निराळा. माझ्या लहानपणीं मोटार म्हणजे अॅम्बॅसेडर नाहीं तर कुर्ल्याच्या कारखान्यांतली फियाट. निवड नव्हती, होती ती वर्षानुवर्षांची वाट. गाडी दारीं आली कीं मालक बाजारांतून आसनांचीं अभ्रीं, कर्णा आणि रेडिओ आणून आपली हौस भागवी. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला, आणि गाडीच्या प्रतींची शिडी आपल्याकडेहि लागली. एअरबॅगा बहुधा वरच्या पायरीवर. २०१४ सालच्या जानेवारींत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लहान मोटारी आपटून पाहिल्या. त्या पांचहि एअरबॅगेवांचूनच्या प्रती. मोठ्या माणसांच्या रक्षणाबद्दल पांचांना शून्य तारे मिळाले. त्यांतल्याच फोक्सवॅगन पोलोची दोन एअरबॅगा असलेली प्रत तपासली तेव्हां तिला चार तारे मिळाले, आणि कंपनीनें एअरबॅगेवांचूनची प्रत विकणें थांबविलें. गाडी तीच, कारखाना तोच. शून्य आणि चार यांच्यामध्यें होती ती यादींतली एक ओळ. पुढें १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली.

अगदीं अलीकडे तर यादी गाडी विकल्यावरहि संपत नाहीं. २०२२ सालीं बीएमडब्ल्यू कंपनीनें कांहीं देशांत गाडींत आधींच बसविलेलीं आसनें गरम करण्याबद्दल महिन्याचें भाडें मागितलें. लोक संतापले, आणि २०२३ सालीं तिनें तो बेत सोडला. गिऱ्हाइकाच्या ‘नको’ला अजून वजन आहे, हें त्यावरून दिसतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पुतण्याला कागदावर तीन रकाने आंखून दिले. पहिल्यांत जिवाच्या वस्तु, दुसऱ्यांत रोजच्या सोयीच्या, तिसऱ्यांत हौसेच्या. पहिला रकाना आधीं भरावयाचा, आणि त्यांतली वस्तु मागतांना किंमतीकडे पाहावयाचें तें शेवटीं. गाठोडें सोडून तेवढी वस्तु मिळेल का, हें विक्रेत्याला स्पष्ट विचारावयाचें. त्यानें विचारलें, उत्तर ‘नाहीं’ असें आलें. तेव्हां पुतण्यानें ती मागणी रद्द केली, आणि एक पायरी खालची अशी गाडी घेतली कीं जींत मागच्या बाकावरच्या एअरबॅगा मूळ किंमतींतच होत्या. कांचेचें छत नाहीं. आकाश पाहावयाचें तर गच्चीवर जावें, असें वहिनींनींच सांगितलें.

गाडी आली त्या दिवशीं नारळ फोडला, पेढे वांटले, आणि आम्ही सर्व एक फेरी मारावयास निघालों. वहिनी मागें बसल्या. पुतण्यानें एंजिन सुरू केलें नाहीं, मान वळवून म्हणाला, “आई, पट्टा.” वहिनी म्हणाल्या, “मागें कशाला रे ?” तो म्हणाला, “त्याचे वेगळे पैसे पडलेले नाहींत.” तेव्हां त्यांनीं हंसत पट्टा बांधला, आणि गाडी हलली.