तुंब्याची बखर

बैलगाडीच्या चाकात मधोमध जो जाड लाकडी ठोकळा असतो, त्याला आपण तुंबा म्हणतो. बाहेर लोखंडी धाव, तिच्या आत पुठ्ठे, पुठ्ठ्यांतून निघालेले आरे, आणि हे सारे आरे ज्यात येऊन रुततात तो तुंबा. त्याच्या पोटातल्या भोकातून गाडीचा कणा जातो. या भोकाला संस्कृतात ‘ख’ असे नाव होते. ऋग्वेदात रथाला ‘सुख’ हे विशेषण लागते. ज्याच्या चाकांचे ‘ख’ चांगले तो सुख रथ, अशी त्याची एक व्युत्पत्ती कोशांत नोंदलेली आहे. ती सर्वांना मान्य नाही. पण ज्याने कुरकुरत्या चाकाची सायकल सिंहगडाच्या चढावर रेटली आहे, त्याला ती पटायला वेळ लागणार नाही. माउंटन बाइकसाठी हब घ्यायला गेलेल्या माणसापुढे आज 148 मिलिमीटर, 54 दाते, 6902 बेअरिंग असे आकडे येऊन पडतात. हब म्हणजे तुंबाच. पण हे आकडे त्याला कधी आणि कसे चिकटले, हे पाहायचे तर आपल्याला पुष्कळच मागे जावे लागेल.

स्लोव्हेनियात ल्युब्ल्याना शहराजवळच्या दलदलीत 2002 साली एक लाकडी चाक सापडले. वय पाच हजार वर्षांहून अधिक. चाक अ‍ॅशच्या फळ्यांचे, कणा ओकचा, आणि चाकातले भोक चौकोनी. चौकोनी भोकात कणा घट्ट बसतो, म्हणजे चाकाबरोबर कणाही फिरणार. घर्षण जे काही व्हायचे ते गाडीच्या तळाशी. ज्या दिवशी भोक गोल झाले, कणा स्थिर राहिला आणि चाक त्याच्याभोवती फिरू लागले, त्या दिवशी खऱ्या अर्थाने तुंबा जन्मला. घर्षण आता त्याच्या पोटात आले. पुढची काही हजार वर्षे त्यावरचा मुख्य उपाय वंगण हाच होता. आपल्याकडे गाडीखाली टांगलेली वंगणाची नळी त्याच परंपरेतली. अधूनमधून कुणाला आणखीही काही सुचे. डेन्मार्कमधल्या डेयब्यर्गच्या दलदलीत एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या प्राचीन गाड्यांच्या तुंब्यांत आतून खाचा आहेत. त्यांत लाकडी दांड्या बसवून घर्षण कमी केले असावे, असा तर्क काही अभ्यासक करतात. तो खरा असेल तर रोलर बेअरिंगचा हा दूरचा पूर्वज. वेल्समधल्या कारमार्थेनचा लोखंड-व्यावसायिक फिलिप व्हॉन याने 1794 साली घोडागाडीच्या कण्याभोवती लोखंडी गोळ्या बसवण्याचे पेटंट घेतले. कल्पना उत्तम होती, पण एका मापाच्या, एकसारख्या गोल गोळ्या घडवणार कोण? म्हणून ती जवळपास पाऊणशे वर्षे पडून राहिली.

तिला जाग आणली सायकलीने. 1869 हे साल आपण ध्यानात ठेवावे, कारण आजच्या हबचे जवळजवळ सगळे अवयव त्या एका वर्षात कुठे ना कुठे उगवलेले दिसतात. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने सायकलच्या चाकासाठी छऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला जेम्स मूर याने छऱ्यांच्या चाकांवर पॅरिस ते रुआँ ही 123 किलोमीटरची शर्यत जिंकली. पॅरिसमध्येच यूजेन मेयर याने ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. लाकडी आरा दाबाखाली उभा असतो, तार ओढलेली असते. म्हणून लाकडाचा जाड ठोकळा गेला आणि दोन कडांची बारीक धातूची नळी आली. तिकडे अमेरिकेत विल्यम व्हॅन अँडन याने हबमध्ये दातेरी खटका बसवला, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरत राहील. हे फ्रीव्हीलचे बीज. मात्र त्याला रुजायला आणखी तीस वर्षे लागली. 1874 साली कोव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली याने तारा हबमधून सरळ न काढता कडेला तिरप्या लावल्या. सरळ तार वजन पेलते, पण हबने दिलेला पीळ रिमपर्यंत नेताना वाकते. तिरपी तार तो पीळ ओढून नेते. आजच्या बहुतेक चाकांत तारा एकमेकींना छेदून जातात त्या याच कारणाने. आणि व्हॉनची अडचण सुटली ती जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला: फ्रिडरिख फिशर याने 1883 साली पोलादी गोळ्या एका मापात घासणारे यंत्र तयार केले. छरे स्वस्त झाले, आणि आपल्या गल्लीतल्या सायकलवाल्याच्या ग्रीसने माखलेल्या डबीपर्यंत पोचायची त्यांची वाट मोकळी झाली.

1885 साली स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल आली. चेनने मागचे चाक फिरू लागले आणि मागच्या हबवर दुहेरी भार पडला: वजन पेलायचे आणि पायांचा जोरही घ्यायचा. शतक संपता संपता फ्रीव्हील रुळले. त्याच श्वाइनफुर्टमध्ये 1895 साली एर्न्स्ट झाक्स आणि कार्ल फिश्टेल यांनी कारखाना काढला होता. तिथून 1903 साली ‘टॉर्पेडो’ हब निघाला. पुढे पायडल मारा, चाक फिरेल. पाय थांबवा, चाक मोकळे. मागे पायडल मारा, हबच्या पोटातच ब्रेक दाबला जाईल. अमेरिकेत मॉरो, न्यू डिपार्चर, बेंडिक्स या नावांचे असेच ब्रेकवाले हब मुलांच्या जाड टायरच्या सायकलींत बसले. सपाट रस्त्यावर पेपर टाकत फिरणाऱ्या पोरांना ते पुरेसे होते. डोंगर उतरायला ते कधीच घडवलेले नव्हते.

आणि नेमके तेच त्यांच्या नशिबी आले. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ, वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला एक कच्चा रस्ता आहे. साडेतीन किलोमीटरच्या आतच तो सुमारे 400 मीटर खाली उतरतो. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ आणि त्यांची मित्रमंडळी तीस-चाळीसच्या दशकांतल्या जुन्या श्विन सायकली भंगारातून शोधून काढत आणि या रस्त्यावरून सुसाट सोडत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी इथे घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. उतारभर ब्रेक दाबून मागचा हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. तळाशी पोचले की हब उघडायचा आणि त्यात पुन्हा ग्रीस भरायचे. या पुन्हा भरण्यावरूनच रस्त्याचे नाव पडले ‘रीपॅक’. माउंटन बाइकच्या जन्मस्थळाला असे वंगणावरून नाव मिळाले. शर्यतीचा विक्रम फिशरच्या नावावर आहे, 4 मिनिटे 22 सेकंद. पण माझ्या मते त्या दिवसांतली मोठी घटना घडत होती ती तळाशी, हब उघडून बसलेल्या पोरांच्या काळ्या बोटांत. या चाकांनी इथून पुढे काय सोसायचे आहे, हे त्यांना तिथे कळत होते.

उत्तरे जवळच तयार होत होती. सॅन होजेच्या फिल वुड यांनी 1971 पासून असे हब करायला घेतले, ज्यांत सुटे छरे आणि त्यांना धरणारे कोन व वाटी यांच्या जागी बंद बेअरिंग असे. धूळ आत येत नाही, ग्रीस बाहेर जात नाही. झिजले की अख्खे काढून नवे ठोकायचे. दुसरा प्रश्न कण्याचा होता. फ्रीव्हील हबवर बाहेरून आटे फिरवून बसे, त्यामुळे उजवीकडचे बेअरिंग आत राही आणि कण्याचा बराच भाग आधाराविना लोंबकळे. चक्र्या वाढत गेल्या तसा हा भाग लांबला. दगडांवर आपटून कणे वाकू लागले, तुटू लागले. खटका हबच्याच अंगात घेऊन बेअरिंग बाहेर सरकवायचे, हा उपाय इंग्लंडच्या बेलिस-वायली कंपनीने 1938 सालीच काढला होता आणि जग तो विसरले होते. 1978 साली शिमानो कंपनीने तो ‘फ्रीहब’ म्हणून पुन्हा आणला, आणि या वेळी तो टिकला. 1981 साली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही माउंटन बाइक कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली. मूठभर पोरांचा खेळ बाजारात आला. ब्रेक मात्र हब सोडून रिमवर गेला होता. तो पुढे डिस्कच्या रूपाने पुन्हा हबपाशी परतला, पण रीपॅकचा धडा घेऊन: आता ताप हबच्या पोटात साठत नाही, बाहेर वाऱ्यावर असलेल्या चकतीत जातो.

यानंतर आकड्यांचे युग येते. इथे आपल्याला रेंगाळायचे कारण नाही, कारण यातले बरेचसे आकडे एकाच गोष्टीमागे धावताना दिसतात. चाके मोठी झाली, तारा लांबल्या, चाक लचकू लागले. म्हणून हबच्या कडा एकमेकींपासून दूर नेल्या. मागची रुंदी 142 वरून 2014 च्या सुमारास 148 मिलिमीटर झाली, आणि काही सायकलींत 157. बारीक कण्याच्या जागी 12 मिलिमीटरचा आरपार कणा आला. दुसरी धाव दात्यांची. ह्युगी नावाच्या हबमधला, समोरासमोरच्या बाजूंवर दाते असलेल्या दोन चकत्यांचा रॅचेट, म्हणजे दातेरी खटका, पुढे डीटी स्विस कंपनीने आपलासा केला. 18 दात्यांचा असेल तर पायडल पकड घेण्याआधी हब 20 अंश रिकामा फिरू शकतो. 54 दात्यांचा असेल तर 7 अंशांहून कमी. पुढे 32 आणि मागे 50 दात्यांच्या सर्वांत हलक्या गिअरवर तेच 20 अंश पायाला 31 होऊन लागतात. दगडांच्या पायऱ्यांवर अर्धाच पायडल मारायला जागा असते, तिथे हा फरक कळतो. आता अर्ध्या अंशात पकडणारे हबही मिळतात. पण दाते जितके बारीक, तितकी त्यांना घाण आणि घट्ट ग्रीस कमी सोसते. मोकळ्या रस्त्यावर तर तुम्हाला फरक बहुधा आवाजाचाच जाणवेल.

तेव्हा निवडताना क्रम उलटा धरावा, असे ही बखर सांगते. रुंदी तुमच्या फ्रेमने ठरवलेली असते, फ्रीहबचे अंग कॅसेटने म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचाने, चकतीची बैठक ब्रेकने. त्यांत निवडीला वाव थोडा. उरते ते भोक, म्हणजे जुने ‘ख’. बेअरिंगचा क्रमांक पाहा. 6902 सारखा सर्वमान्य क्रमांक असेल, तर 15 मिलिमीटर आतला, 28 बाहेरचा आणि 7 जाडीचा तो तुकडा सायकलच्या दुकानात नाही मिळाला तरी मोटारींच्या बेअरिंगच्या दुकानात मिळेल. कोन आणि वाटीचा हब घेतलात तर तो वर्षानुवर्षे साथ देईल, पण ढिला झालेला तसाच दामटू नका. वाटीला खड्डे पडले की तो हब संपला. फ्रीहबच्या खटक्यांना पातळ वंगण द्या, घट्ट ग्रीसने ते चिकटून बसतात. पावसाळ्यात चिखल धुताना पाण्याचा जोरदार फवारा तुंब्याच्या तोंडावर मारू नका. महिन्यातून एकदा चाक काढून कणा नुसत्या बोटांनी फिरवून पाहा. खरखर लागली तर हब उघडायची वेळ झाली. रीपॅकच्या तळाशी बसून ती पोरे हेच करत होती.